ऑप्शनला टाकलेला धडा

सातवी 'ब'च्या चाळीस पोरांनी गणिताच्या पेपरात पाचवा प्रश्न सोडवला, आणि सगळी भानगड इथून सुरू झाली.

आता प्रश्न सोडवणं हा काही गुन्हा नाही. परीक्षा त्यासाठीच घेतात, निदान म्हणतात तरी तसं. पण वार्षिक परीक्षेचा हा पेपर सात शाळांना मिळून एकच असायचा, आणि बाकीच्या झाडून सगळ्या वर्गांत पाचव्या प्रश्नाखाली कोरी जागा होती. हुशार म्हणून मिरवणाऱ्या 'अ' तुकड्यांतसुद्धा. एवढ्या पोरांत लिहिलं कुणी, तर या एका 'ब' तुकडीनं, जिथे नापास होऊन पुन्हा त्याच बाकावर बसलेली सात पोरं होती. पेपर काढणाऱ्या मंडळानं हेडमास्तरांना पत्र धाडलं की सोमवारपर्यंत खुलासा करा. पत्रात 'पेपर फुटला' असे शब्द कुठेच नव्हते, पण पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ते व्यवस्थित दिसले.

हेडमास्तरांना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. त्यांना ते सहा महिने चहा पीत काढायचे होते. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते सरळ बाईंच्या हातात ठेवलं.

बाई म्हणजे शाळेच्या पर्यवेक्षिका. हेडमास्तर गेले की त्यांची खुर्ची बाईंनाच मिळणार हे शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे धरून चालले होते. बाई सातवी 'अ'ला गणित शिकवायच्या आणि दर शनिवारी सगळ्या मास्तरांच्या टाचणवह्या तपासायच्या. टाचण म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला, काय आणि कसं शिकवलं याची नोंद. बाई प्रत्येक पानाखाली 'पाहिले' असं लिहून लफ्फेदार सही करायच्या. अकरा वर्षं हे काम त्यांनी एकही शनिवार न चुकवता केलं होतं.

आणि संशय घ्यावा तर बाईंनी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली तर त्या भाजी पुन्हा तोलायला लावायच्या. पोरगं खोकलं की आधी त्याच्या तळहातावर काही लिहिलंय का ते बघायच्या. त्यांचा नवरा औषधांच्या दुकानात बसायचा. तो म्हणायचा, आमच्या घरी घड्याळालासुद्धा दुसऱ्या घड्याळाची साक्ष लागते. तेव्हा या प्रकरणाला बाईंपेक्षा लायक माणूस त्या शाळेत नव्हता, हे हेडमास्तरांचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही.

संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. 'ब'ला गणित शिकवायचा तो नवा मास्तर. उंच, किडकिडीत, चालताना इकडे नाही तिकडे नाही. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव शिपायालाही आठवत नसे. त्याची नेमणूक वर्षभराची, कच्ची. ती पक्की करायची की त्याला नारळ द्यायचा, हे संस्थेच्या सभेत ठरणार होतं. सभाही सोमवारीच होती. घरी बायको होती, म्हातारे वडील होते, आणि याआधी दोन शाळांतून वर्ष संपताच त्याला निरोप मिळालेला होता. तिसऱ्यांदा, तेही पेपर फोडल्याचा डाग घेऊन बाहेर पडला असता, तर चौथी शाळा त्याला दारात उभं करणार नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

बाईंना तो पहिल्यापासून खटकायचा. तो मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत यायचा नाही, वर्गातच पोरांबरोबर डबा खायचा. चहा दिला तर "नको, सवय नाही" म्हणायचा. चहाला नको म्हणणारा माणूस बाईंच्या लेखी काहीतरी लपवत असायचा. शिवाय 'क' तुकडीच्या बाईंनी कानाशी लागून सांगितलं होतं की त्याचा मेहुणा छापखान्यात आहे. आणि शिपाई म्हणत होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी हे सर ऑफिसातल्या कपाटाजवळ घुटमळत होते. पेपरांचं सीलबंद पाकीट त्याच कपाटात होतं. खडूंचे डबेही त्याच कपाटात होते, पण ते शिपायानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

आता या पाचव्या प्रश्नात एवढं काय होतं ते सांगायला हवं. खोलीची लांबी सहा मीटर, रुंदी चार मीटर. कागदावरच्या एका सेंटीमीटरला खोलीतले पन्नास सेंटीमीटर धरा, खोलीचा आराखडा काढा, आणि एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत खोलीत किती अंतर आहे ते आराखड्यावर मोजून सांगा. गुण दहा. पट्टी आणि थोडं डोकं असलं की झालं. पण हा बाराव्या धड्यातला प्रश्न होता, आणि बारावा धडा ऑप्शनला टाकलेला होता.

ऑप्शनला टाकणं ही गोष्ट कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेली नसते. पूर्वी कधीतरी पेपरात 'पाचपैकी कोणतेही चार सोडवा' असं असायचं, तेव्हा एखादा धडा सोडून दिला तरी चालायचं. पुढे ते 'कोणतेही चार' गेलं, सोडून देणं राहिलं. बाराव्या धड्यावर अकरा वर्षांत एकदाही प्रश्न आला नव्हता, कारण आकृत्या तपासायला वेळ लागतो आणि पेपर तपासणाऱ्यांनाही घरदार असतं. मग जो विचारत नाहीत तो शिकवायचा कशाला? सात शाळांमधले सगळे मास्तर अकरावा धडा संपला की तेरावा काढायचे. टाचणात मात्र बारावा धडा असायचा, चार तासिका, पूर्ण. नियोजनात होता ना! यंदा मंडळानं पेपर काढायला कुणीतरी नवा माणूस बसवला आणि त्यानं बिचाऱ्यानं पुस्तक उघडून पेपर काढला.

म्हणजे जो धडा कुणीच शिकवत नाही, त्याचं उत्तर एकाच वर्गाला आलं. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही, पालींचा अख्खा मेळा भरला.

गुरुवारी त्यांनी फूटपट्टीला ऑफिसात बोलावलं. दार लावलं, त्याला बसायला सांगितलं आणि मुद्दाम बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. अशा वेळी माणसं आपणहून बोलायला लागतात हा त्यांचा अनुभव. हा बसून राहिला. त्याच्या बाहीला खडूची पूड लागली होती, ती त्यानं झटकली नाही.

"हा धडा पेपरात येणार, हे तुम्हाला कसं कळलं?" शेवटी बाईंनीच विचारलं.

"धडा पुस्तकात होता, बाई," तो म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्धटपणा म्हणावा तर आवाज अगदी मऊ. असला मऊ आवाज त्यांनी आयुष्यात पुष्कळ ऐकला होता, आणि त्याखाली दर वेळी काहीतरी निघालं होतं. त्यांनी मेहुण्याबद्दल विचारलं. तो गोंधळला, म्हणाला आहे, पुठ्ठ्याचं काम करतो. कपाटाबद्दल विचारलं तर म्हणाला, खडू संपले होते. बाईंनी हे सगळं लिहून घेतलं आणि त्याला जायला सांगितलं. दाराशी तो थांबला. चपला सरळ केल्या आणि गेला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई मेहुण्याचा छापखाना शोधत निघाल्या. 'क'च्या बाईंकडून पत्ता काढला होता. मागच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान, सायकलीचे टायर टांगलेलं दुकान, आणि त्यापुढे एक लांबट शेड. आत यंत्र चालू होतं खरं, पण छपाईचं नव्हे. पुठ्ठे कापून बुटांची खोकी बनवायचं. चार बायका जमिनीवर बसून खोकी दुमडत होत्या. छापायचं काही करता का, असं बाईंनी विचारल्यावर एकीनं हसून सांगितलं, छापून दुसरीकडून येतं, आम्ही नुसतं चिकटवतो, तुम्हाला किती नंबरचं खोकं पाहिजे? बाई परत फिरल्या. पण छापून दुसरीकडून येतं म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची ओळख असणारच, हे त्यांनी वाटेतच जुळवून टाकलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळी हकीगत नवऱ्याला सांगितली. तो शेंगा सोलत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, त्यानं शिकवला असेल."

"कशाला?" बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं शेंगांमधून मान वर केली आणि त्यांच्याकडे असं काही बघितलं की बाईंना राग आला. तुम्हाला शाळेतलं काही कळत नाही, असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पण 'कशाला' हा शब्द आपल्याच तोंडून इतक्या पटकन कसा आला, हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी पोरांना सुट्टी होती. बाईंनी ऑफिस उघडून घेतलं, 'ब'च्या उत्तरपत्रिका, 'ब'च्या गणिताच्या वह्या आणि हजेरीपट टेबलावर मांडले. हेडमास्तरांनी खुलाशासाठी एक तक्ता आखून दिला होता. तीन रकाने: ठरवलेले, शिकवलेले, विचारलेले. प्रत्येक तुकडीची एक ओळ. टाचणावरून भरून टाका म्हणाले होते, म्हणजे मंडळालाही बरं आणि संस्थेलाही बरं. सोपं होतं ते. तीनही तुकड्यांच्या टाचणात बारावा धडा 'पूर्ण' होता. सगळ्यांनी शिकवला, आणि आला मात्र एकाच तुकडीला, तोही सगळ्या पोरांना. मग उरतं काय? पेपर फुटला. फूटपट्टी सोमवारी संध्याकाळी घरी.

पण बाईंना आयती मिळालेली गोष्ट तपासल्याशिवाय घ्यायची सवय नव्हती. त्यांनी उत्तरपत्रिका वाचायला घेतल्या.

पहिला धक्का असा की उत्तरं बरोबर नव्हती. म्हणजे सगळी नव्हती. सगळ्या पोरांना बरोबर आलं, ही नुसती आवई होती. बरोबर होती सत्तावीस. आठ जणांनी आराखडा अचूक काढून, पट्टीनं चौदा पूर्णांक चार सेंटीमीटर मोजून, खाली दिमाखात 'चौदा पूर्णांक चार मीटर' लिहिलं होतं; परत अर्धे करायचे विसरले होते. तिघांनी पट्टी शून्याऐवजी एकावर लावली होती. दोघांनी न विचारलेलं दार काढलं होतं, तेही भिंतीच्या बाहेर. आणि एका पठ्ठ्यानं सात मीटर आणि वर थोडं हे बरोबर उत्तर लिहून खाली टीप दिली होती की मध्ये कपाट असेल तर सरळ चालत जाता येणार नाही. बाईंना हसू फुटलं. मग त्या एकदम थांबल्या. फुटलेल्या पेपरात सगळ्यांची चूक एक असते, कारण उत्तर एकाच ठिकाणाहून आलेलं असतं. ही तर प्रत्येकाची आपापली चूक होती.

त्यांनी वह्या काढल्या. अकराव्या धड्यानंतर बारावा होता. वहीमागून वहीत वर्गाचा आराखडा होता: फळा, बाक, कपाट, आणि बहुतेकांनी आपला बाक रंगवून ठेवला होता. तारखा परीक्षेच्या अडीच महिने आधीच्या. तारखा मागाहून घालता येतात, बाई स्वतःशी म्हणाल्या, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

एक्केचाळीस पोरांत चाळिसांनी लिहिलं होतं. न लिहिणारी एक मुलगी होती, आणि ती कोण, तर वर्गात पहिली येणारी! बाकीच्या नव्वदपैकी शहाऐंशी गुण, आणि पाचव्या प्रश्नाखाली कोरी जागा. मास्तरला उत्तर फोडायचं असतं तर सगळ्यात आधी हिला कळलं असतं. बाईंनी तिची वही उघडली. अकरावा धडा होता, मग चार पानं कोरी, वर कोपऱ्यात पेन्सिलीनं 'राहिले' एवढंच, आणि पुढे तेरावा. बाईंनी हजेरीपटात बोट फिरवलं. त्या चार दिवशी तिच्या नावापुढे गैरहजर, गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

मुलगी शाळेच्या मागच्याच चाळीत राहायची. बाईंनी शिपायाला पाठवून तिला बोलावून घेतलं. ती आईबरोबर आली, आईला बाईंनी बाहेर बसवलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी शक्य तितक्या हळू विचारलं की बाकी सगळ्यांना आलेला प्रश्न तुलाच कसा आला नाही?

"मला गालगुंड झालं होतं," मुलगी म्हणाली. "सर म्हणाले होते मधल्या सुट्टीत ये, तुला वर्ग मोजून दाखवतो. मी गेलेच नाही. त्यांना सांगितलं की मी मैत्रिणीकडून उतरवून घेतलं. बाई, तुम्ही त्यांना सांगू नका."

आणि ती रडायला लागली. पेपरफुटीचं तिला काही ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं की आपण सरांशी खोटं बोललो, ते पकडलं गेलं. बाईंनी तिला पाणी दिलं आणि घरी पाठवून दिलं.

मग बाईंनी उत्तरपत्रिका आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवले. जो वर्गात होता त्याला आलं, जी नव्हती तिला नाही आलं. उत्तर छापखान्यातून आलं नव्हतं, कपाटातून आलं नव्हतं, वर्गातल्या फळ्यावरून आलं होतं. त्या माणसानं धडा शिकवला होता. इतका साधा गुन्हा हेडमास्तरांच्या, 'क'च्या बाईंच्या, मंडळाच्या आणि अकरा वर्षं सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईंच्या, कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाच्या तेवढा आला होता.

इथेच उठता आलं असतं. पण तक्त्यात 'अ'चीही ओळ होती. बाईंनी आपली स्वतःची टाचणवही काढली आणि बारावा धडा उघडला. 'विद्यार्थ्यांनी गटागटाने वर्गाची मापे घेतली. आराखडा काढताना विद्यार्थ्यांना आनंद झाला.' स्वच्छ, वळणदार अक्षर. गेल्या वर्षीची वही काढली, त्यातही हेच. त्याच्या आधीच्या वर्षीही. अकरा वर्षं पोरांना आनंद होत होता, आणि एकाही पोरानं पट्टी हातात धरली नव्हती. खाली त्यांनीच लिहिलं होतं, पाहिले. स्वतःच्या टाचणाखाली स्वतःची सही.

बाईंना लाज वाटली. कुणी बघत नसतानाही मान वर करवेना, अशी लाज. भाजीवाल्याच्या काट्यावर संशय घेतला, पोरांच्या तळहातावर घेतला, चहा न पिणाऱ्या माणसावर घेतला, आणि या दोन वाक्यांवर एकदाही नाही. त्यांना त्या कोऱ्या जागा आठवल्या. 'अ'मधली ती हुशार पोरं, पेपर हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती, आणि बाईंनी पर्यवेक्षण करताना त्यांना दटावलं होतं की इकडे तिकडे बघू नका.

आता तक्त्यात काय भरायचं? टाचणातलं भरलं तर बाई सुरक्षित होत्या आणि फूटपट्टी जात होता. वह्यांमधलं भरलं तर फूटपट्टी राहत होता, आणि 'शिकवलेले' या रकान्यात 'अ' आणि 'क'पुढे 'नाही' लिहावं लागत होतं. मग पुढचा प्रश्न कुणीही विचारला असता: नाही शिकवलं, तर बाईंनी पाहिलं काय? दोन्हीही सांभाळता येईल असा काही मार्ग आहे का, हे बाईंनी तासभर शोधलं. बाईंसारख्या बाईलाही तो सापडला नाही. तेव्हा त्यांनी पेन घेतलं आणि वह्यांमधलं भरलं. मुलीच्या हजेरीचा उतारा जोडला. नाव मात्र लिहिलं नाही, 'एक विद्यार्थिनी' एवढंच लिहिलं.

सोमवारी सकाळी हेडमास्तरांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, बाई, हे असंच द्यायचं? सगळ्या शाळांत हेच चालतं हो. बाई म्हणाल्या, म्हणूनच पोरं सगळ्या शाळांत कोरी राहिली. हेडमास्तरांनी तक्त्याची घडी घातली. मग त्यांनी आवाज खाली आणून फक्त एवढं विचारलं, "खुर्चीचं काय?"

"ती मला अजून कुठे मिळालीय, सर," बाई म्हणाल्या.

आणि ती मिळालीही नाही. सभेत तक्ता वाचला गेला. 'क'च्या बाईंनी त्या दिवसापासून बाईंशी बोलणं टाकलं. संस्थेनं बाईंना लेखी ताकीद दिली, आणि हेडमास्तरपदाबाबत बाहेरून माणूस आणण्याचा विचार करू असं ठरवलं. मंडळानं सगळ्या शाळांत पाचवा प्रश्न रद्द केला आणि प्रत्येकाला सरसकट दहा गुण देऊन प्रकरण मिटवलं. त्यात गालगुंड झालेल्या मुलीलाही दहा मिळाले. फूटपट्टीची नेमणूक मात्र पक्की झाली. बाईंना वाटलं, चला, एवढं तरी मार्गी लागलं. ताकीद घरी नेऊन नवऱ्याला दाखवली, त्यानं ती दोनदा वाचली आणि चहा ठेवला. त्या संध्याकाळी बाईंना किती वर्षांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दारावर टकटक झाली. फूटपट्टी उभा होता. बाईंनी आत बोलावलं. समोर चहाचा कप होता, शिपायाला सांगून आणखी एक मागवला, आणि या वेळी त्यानं नको म्हटलं नाही. कप दोन्ही हातांत धरून तो उभाच राहिला. गेल्या चार दिवसांत तो आणखीच वाळल्यासारखा दिसत होता.

त्यानं आभार मानले. वडिलांना काही सांगितलंच नव्हतं, म्हणाला, पण बायकोनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. माझ्यापायी तुम्हाला बोल लागला, तुमची हेडमास्तरकी गेली, आणि 'क'च्या बाई माझ्याकडे बघतही नाहीत. हे सगळं तो खाली बघून बोलत होता. बाई म्हणाल्या, त्यात तुमची काही चूक नाही.

"चूक माझीच आहे, बाई. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खोलीत बसत नाही ना सगळ्यांबरोबर, त्यामुळे राहून गेलं." त्यानं कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि बगलेतली नवी टाचणवही काढली. "पुढच्या वर्षी कुठले धडे ऑप्शनला टाकायचे असतात, तेवढं सांगून ठेवा. मी लिहून घेतो."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. टोमणा असेल, असं त्यांना वाटलं. असायलाच हवा. आयुष्यभर जेवढा म्हणून संशय घेतला होता तेवढा सगळा एकवटून त्यांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी लपलेलं शोधलं, ओठाच्या कडेला, डोळ्यांत, त्या मऊ आवाजात. काहीच नव्हतं. तो मनापासून विचारत होता. त्यानं वहीचं पहिलं पान उघडलं, कोपऱ्यात तारीख घातली, आणि बाई काय सांगतात याची वाट बघत उभा राहिला.